भावनेच्या रकान्यात नक्की लिहायचं काय?

अर्धविराम
समुपदेशक बाईंनी विचारांची नोंदवही दिली आहे. चार रकाने: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, तिची तीव्रता (० ते १००). पहिले दोन भराभर भरतो. तिसऱ्यावर पेन अडतं.

परवा मित्राला मेसेज केला. त्याने वाचला, उत्तर नाही. विचार: 'मी त्याला नकोसा झालोय.' भावना: 'तो मला टाळतोय असं वाटतं.' तीव्रता ९०. बाई म्हणाल्या, हाही विचारच झाला की. वाटलं काय? मी म्हटलं, "कसंतरी झालं." छातीत आवळल्यासारखं, जबडा घट्ट. त्यापुढे काही सापडेना. घरचे मला दगड म्हणतात. दगडाची छाती आवळते का हो?

त्यांनी 'अलेक्सिथायमिया' हा शब्द सांगितला. पण मी गेलो होतो टोकाचे विचार येतात म्हणून. या दोन्हींचा संबंध काय?

मधलीसुट्टी
मानसशास्त्र शिकले आहे, उपचार करत नाही. तेवढं धरून वाचा.

हा शब्द सिफ्निऑस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात आणला. ग्रीक मुळांवरून अर्थ: भावनांना शब्द नसणं. हा आजार नव्हे, कमीअधिक असणारं स्वभाववैशिष्ट्य. टोरांटो प्रश्नावलीत त्यासाठी २० विधानं असतात. ६१ किंवा जास्त गुण म्हणजे लक्षणीय. टोकाच्या विचारांवरचं काम मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांचं, त्याआधीच्या दशकातलं, नैराश्याच्या रुग्णांवरून सुरू झालेलं. (अशा विचारांना 'विकृत' म्हणू नका, विपर्यस्त म्हणा. माणूस उगाच घाबरतो.)

दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकत्र आढळतात, पण कोणामुळे कोण, हे प्रश्नावल्या भरून घेऊन ठरत नाही. मला पटलेली जोडणी अशी: छाती आवळली की मन कारण शोधतं. 'मला भीती वाटतेय' एवढं कळलं तरी शोधाचा जोर ओसरतो. नाव मिळालं नाही, तर मन बाहेर आरोपी शोधतं, आणि तुमचा मित्र आयताच समोर आहे. मग तीच छाती पुरावा होते: इतका त्रास होतोय, म्हणजे तो टाळतच असणार!

पाटीपेन्सिल
निम्मा दोष मराठीचा! भीतीही 'वाटते' आणि मतही 'वाटतं'. माझी युक्ती: 'वाटतं' नंतर 'की' किंवा आधी 'असं' आलं, तर तो विचार, उचलून दुसऱ्या रकान्यात टाकायचा. मग राग, भीती, दुःख, लाज एवढीच चार नावं लिहून जे नाही ते खोडायचं. नेमकं नाव शोधत बसू नका, खोडणं सोपं जातं.

निशाचर
नाव सापडलं की सुटका, असं मात्र नाही. हा मत्सर आहे हे मला लख्ख कळतं, तरी रात्री दोनला मी त्याच माणसाशी मनात भांडत असतो.

अर्धविराम
पाटीपेन्सिल, तोच प्रसंग पुन्हा घेऊन बसलो. राग खोडला. भीती खोडली. दुःख ठेवलं, ३०. 'लाज' खोडायला पेन टेकवलं आणि कान तापले. मग लक्षात आलं, पहिला रकानाही मी नीट भरला नव्हता. त्या मेसेजमध्ये मी त्याच्याकडे मदत मागितली होती.

लाज, ८०. उद्या बाईंना दाखवतो.