मदत हवी आहे : व्हीआरमध्ये कडा चढताना हात सुटतो, वर चक्करही येते

दोनहाती

नमस्कार मंडळी,

बिनवायरचा, कॅमेरे हेडसेटवरच असलेला व्हीआर (आभासी वास्तव) सेट आहे. गेम कडे चढायचा, 'द क्लाइम्ब २'. उभ्यानेच खेळतो. सोपे कडे होतात, पुढे गाडी अडते ती अशी :

१. ओव्हरहँगखाली (पुढे झुकलेल्या कड्याखाली) तिसऱ्या-चौथ्या पकडीलाच हाताचा जोर संपतो आणि थेट खाली. पकड धरायचा, हातातल्या कंट्रोलरवरचा ट्रिगर पूर्ण दाबलेला असतो, तरीही.
२. खाली राहिलेला हात मध्येच भलतीकडे सरकतो. वर पाहिलं की हमखास.
३. उडी मारली की पोटात ढवळतं.
४. पुढे खऱ्या भिंतीवर बोल्डरिंग (दोराशिवाय, कमी उंचीची चढाई) सुरू करायचंय. या सरावाचा तिथे उपयोग आहे, की नुसतीच करमणूक?

बॅटऱ्या नव्या आहेत, खोलीत उजेड भरपूर आहे, तरी क्र. २ जात नाही. जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

घोरपड

क्र. १ मधला 'तरीही' काढा. ट्रिगर पूर्ण दाबलेला असतो *म्हणूनच* जोर संपतो.

या गेममध्ये एका हातावर लटकलात की त्या हाताचा जोर उतरायला लागतो. मूठ आवळलेली असेल तर भराभर, ट्रिगर अर्धाच दाबलेला असेल तर पुष्कळ सावकाश. दोन्ही हातांनी धरलं की उसंत मिळते. म्हणजे एक हात मोकळा होणार असेल, तर धरलेल्या हाताचा ट्रिगर *आधी* अर्ध्यावर आणायचा आणि मग दुसरा हात सोडायचा. बहुतेक जण उलट करतात. आधी सोडतात, मग घाईघाईने ट्रिगर ढिला करतात, आणि तो अर्ध्यावर न थांबता पूर्णच सुटतो.

अर्धा दाब बोटात बसवायला सोपा कडा घ्या. दोन्ही हातांनी धरा, एक हात सोडा आणि धरलेल्या हाताच्या मनगटावरच्या, जोर दाखवणाऱ्या खुणेकडे बघत ट्रिगर मागेपुढे करा. बोटाचं टोक ट्रिगरवर ठेवलं तर दाब हलतो, पहिलं पेर ठेवलं तर स्थिर राहतो. दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा करा, न बघता जमायला लागेल.

दुसरं म्हणजे चॉक. ग्रिपचं बटण दाबून हात झटकला की हाताला खडू लागतो आणि जोर टिकतो. पण ओव्हरहँगखाली लटकून एकेक हात झटकत बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. खालच्या चांगल्या पकडीवर असतानाच दोन्ही हात खडूने माखून घ्या.

पकडीही नीट बघा. धारदार दगड जोर पटकन खातो, तडा गेलेला थोड्या वेळात निखळतो. तड्यावर थांबून विचार करायचा नसतो. पुढचे दोन होल्ड (पकडी) आधी ठरवायचे आणि मगच त्याला हात घालायचा.

काटकोन

क्र. २ चं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे : "वर पाहिलं की हमखास".

कॅमेरे हेडसेटवर आहेत, म्हणजे मान वर केली की तेही वर बघतात. चढताना काय होतं पाहा. उजव्या हाताने होल्ड धरून कमरेपर्यंत ओढता, अंग वर जातं, मग पुढचा होल्ड शोधायला मान मागे टाकता. त्या क्षणी कमरेजवळचा हात एकाही कॅमेऱ्याला दिसत नाही. मग हेडसेट कंट्रोलरच्या आतल्या हालचालीच्या सेन्सरवरून अंदाज बांधतो. हा सेन्सर वेग किती बदलला ते सांगतो, जागा सांगत नाही. जागा हिशेबाने काढावी लागते आणि त्यातली चूक क्षणाक्षणाला वाढत जाते. तुम्हाला दिसतो तो 'सरकणारा हात' म्हणजे ही चूक. बॅटरी बदलून ती कशी जाणार?

उपाय असा : ओढण्याआधी बघा, ओढताना नाही. कमरेपर्यंत ओढायची सवय मोडा, छातीपाशी थांबा. चढ प्रत्येक ओढीला थोडा कमी होईल, पण हात नजरेत राहील. वर बघताना मान कमी, डोळे जास्त. आणि एक हात दुसऱ्यासमोर आडवा नेलात तर मागचा कंट्रोलर झाकला जातो. तिरकस चढताना हे फार होतं.

"उजेड भरपूर" म्हणजे ऊन तर नाही ना? ज्या कंट्रोलरच्या कडीत इन्फ्रारेड दिवे असतात, त्यांचे ठिपके कॅमेरा शोधत असतो. उन्हातही इन्फ्रारेड असतं, आरशात त्याच ठिपक्यांचं प्रतिबिंब पडतं आणि शोभेच्या बारीक दिव्यांची माळ ठिपक्यांसारखीच दिसते. पडदे ओढा, आरसा झाका, छताचा साधा दिवा चालू ठेवा. हेडसेट उन्हात काढून ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं तर पडद्यावर कायमचा डाग पडतो.

मंदगती

क्र. ३ : हाताने ओढून चढताना सहसा मळमळत नाही, कारण जग तुमच्या हाताइतकंच आणि त्याच क्षणी हलतं. उडीत डोळ्यांना वेग दिसतो आणि कानातला तोल म्हणतो, "मी तर जागेवर उभा आहे". भांडण तिथे आहे.

उडीआधी नजर पुढच्या होल्डवर खिळवा आणि हात पोचेपर्यंत हलवू नका. उडीत खाली बघणं सगळ्यात वाईट. गेमच्या सेटिंगमध्ये वळण गुळगुळीत न ठेवता टप्प्याटप्प्याचं ठेवा, किंवा स्वतःच पायांवर वळा. समोरून टेबल फॅनचा वारा घ्या. मला तरी आल्या-लिंबापेक्षा हाच उपाय खात्रीचा वाटतो.

भिंगांमधलं अंतरही तपासा. क्वेस्ट २ या हेडसेटला ५८, ६३ आणि ६८ मिमी असे तीनच खाचे आहेत. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजून जवळचा खाचा लावा.

सुरुवातीला १० ते १५ मिनिटं पुरे. घाम फुटला, जांभया यायला लागल्या की त्याच क्षणी थांबा. "एवढा कडा संपवतो" म्हणणाऱ्याची पुढची संध्याकाळ वाया जाते.

दोनहाती

अर्धा ट्रिगर आणि 'आधी बघा मग ओढा', दोन्ही करून पाहिलं. हात सरकणं जवळजवळ थांबलं! नवा प्रश्न : खेळता खेळता नकळत पुढे जातो आणि हेडसेटमध्ये आखलेल्या खेळायच्या जागेच्या सीमारेषेची जाळी सारखी दिसते. जागा २ बाय २ मीटर आहे.

काटकोन

जागा पुरेशी आहे. पुढे सरकणं साहजिक आहे, समोर कडा दिसला की अंग त्याकडे झुकतं. साधारण ६० सेंमीचं जाडसर पायपुसणं मध्यभागी ठेवा, चांगलं चिकटवा आणि अनवाणी उभे राहा. पायाला कड लागली की कळतं.

सीमारेषेला छत नसतं, हे मात्र विसरू नका. छताचा पंखा तिच्या हिशेबात नाही. हेडसेट न लावता, कंट्रोलर धरून चवड्यांवर उभे राहा आणि हात पूर्ण वर करा. पंखा आसपास असेल तर बंद ठेवून भागणार नाही, जागाच बदला. मनगटाचे पट्टे घातलेले हवेत. आणि दिसणाऱ्या कपारीवर रेलू नका, तिथे काही नाही!

खडूची_पूड

क्र. ४ राहिला. खऱ्या भिंतीवर चढतात ते पायांनी, हात मुख्यतः तोल धरतात. या गेममध्ये पायच नाहीत. त्यामुळे इथला पटाईत माणूस भिंतीवर पहिल्या दिवशी हातांनीच ओढत सुटतो आणि दहा मिनिटांत त्याच्या पोटऱ्या नव्हे, हाताचे पुढचे स्नायू दगडासारखे होतात. शिवाय गेममध्ये कोपर वाकवून लटकलं काय नि सरळ ठेवून लटकलं काय, सारखंच. खऱ्या भिंतीवर सरळ हाताने लटकलं की भार हाडांवर येतो, वाकवला की स्नायूंवर.

बोटांची ताकद तर ट्रिगर दाबून येणार नाही. बोटांतले स्नायुबंध स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात. म्हणून भिंतीवर सुरुवातीचे काही महिने बारीक कपच्यांवर बोटं दुमडून धरू नका, मोठे होल्ड घ्या.

उपयोगी पडतं ते वेगळंच. खालून वाट वाचणं, कोणता हात आधी हे ठरवणं, आणि दमायच्या आत विसावा घेणं. गेममध्ये चढण्याआधी उजवा-डावा क्रम मोठ्याने म्हणा, मग चढा. क्रम कुठे चुकला ते लक्षात ठेवा. भिंतीवर हेच करायचं, फक्त त्यात पायही म्हणायचे.

घोरपड

सहमत, एक भर. उंचीची भीती असेल तर त्यासाठीही उपयोग आहे. उंचीच्या भीतीवर व्हीआर वापरलेले अभ्यास १९९५ पासून प्रसिद्ध आहेत. मात्र भरभर वर जाऊन भीती जात नाही. मधल्या चांगल्या पकडीवर दोन्ही हातांनी धरा, खाली बघा आणि छातीतली धडधड उतरेपर्यंत बघत राहा. मग पुढचा होल्ड. तीव्र भीती असेल तर हे एकट्याने नको, तज्ज्ञाला विचारून करा.