चित्र बघून हसू आलं तर चुकलं का? (तेत्सुया इशिदा)

पावसाळी:
फोन रिकामा करत बसले होते तर २०१९ च्या माद्रिद ट्रिपचे फोटो सापडले आणि तेव्हापासून मनात राहिलेलं एक कुसळ परत टोचायला लागलं, म्हणून विचारतेय. रेतीरो पार्कमधे फिरून फिरून पाय मोडले होते, समोर पालासिओ दे वेलास्केझ दिसलं, तिकीट नाही म्हटल्यावर शिरलो आत. मला आपलं वाटलं वेलास्केझ म्हणजे तो जुना स्पॅनिश चित्रकार, राजाराण्यांची पोर्ट्रेट्स असतील, एसी असेल. आत बघते तर सगळ्या भिंतींवर एकच माणूस. म्हणजे चित्रकारही एकच आणि चित्रातला माणूसही एकच, तोच आखूड केसांचा पाणावल्या डोळ्यांचा चेहरा, कुठे शाळेच्या बिल्डिंगमधे अडकलेला तर कुठे शंखात. तेत्सुया इशिदा, जपानी चित्रकार. नाव कधी ऐकलं नव्हतं. सत्तरेक चित्रं होती, त्याच्या सगळ्या कामाचं एकत्र प्रदर्शन.

तर एका चित्रात खाण्याच्या दुकानाचा काउंटर, सुटाबुटातले लोक ओळीनं बसलेत, आणि दुकानाचे कर्मचारी त्यांच्या तोंडात पेट्रोलपंपासारखी नळी धरून जेवण भरतायत. मला खुदकन हसू आलं. चांगला आवाज आला. शेजारी एक बाई उभ्या होत्या त्यांनी असं बघितलं जसं काही मी मयताला जाऊन विनोद सांगितला. नंतर बाहेर पडताना वाचलं की हा माणूस २००५ मधे ३१ व्या वर्षीच गेला, रेल्वेखाली. मग जे ओशाळल्यासारखं झालं ते अजून आहे. जाणकारांनो, ही चित्रं हसण्यासारखी आहेत की नाहीत? आणि तो चेहरा त्याचाच ना? मग सत्तर चित्रं स्वतःचीच रड असं धरायचं का?

रात्रपाळी:
आधी ते वेलास्केझ मिटवू. ते नाव चित्रकाराचं नाहीच, बिल्डिंग बांधणाऱ्या आर्किटेक्टचं आहे, रिकार्दो वेलास्केझ बोस्को, १८८३ च्या खाणकामाच्या प्रदर्शनासाठी बांधलेली. तेव्हा फसलेल्या तुम्ही एकट्या नसाल.

आता चित्र. त्याचं नावच 'इंधन भरल्यासारखं जेवण' असं आहे, १९९६ चं. मी तीन वर्षं जपानमधे काढलीत. तिथे ग्यूदोनची दुकानं असतात, भातावर शिजवलेलं बीफ आणि कांदा, स्टुलावर टेकलात की दोन मिनिटात वाटी समोर, कोणी कोणाशी बोलत नाही, दहा मिनिटात माणूस बाहेर आणि त्याच स्टुलावर पुढचा, आणि रात्री अकराला ऑफिसातून सुटून मी पण त्याच ओळीत मान खाली घालून बसायचो. त्यामुळे मला ते चित्र अतिशयोक्ती वाटलंच नाही, वाटीच्या जागी नळी आली इतकंच. मला हसू नाही आलं, पण ते माझं.

आणि साल बघा. १९९० नंतर तिथला फुगा फुटला, शेअर आणि जमिनीचे भाव कोसळले, कंपन्यांनी नवीन भरती आखडती घेतली. तिकडे मोठ्या कंपन्या कॉलेजातून निघणारी ताजी बॅचच उचलतात, ती गाडी चुकली की नंतर शिरकाव महाकठीण. त्या काळाला ते लोक 'शूशोकु ह्योगाकी' म्हणतात, नोकऱ्यांचं हिमयुग. इशिदा मुसाशिनो आर्ट युनिव्हर्सिटीतून बाहेर पडला १९९६ ला, म्हणजे ऐन बर्फात. त्याचं १९९८ चं एक चित्र आहे, बिघडलेला माल कंपनी परत मागवते त्यावरचं, त्यात खोक्यात माणूस सुटा करून ठेवलाय, हात वेगळे पाय वेगळे, नवीन टीव्ही थर्माकोलच्या खाचांत बसून येतो ना तसा, आणि घरची माणसं बाजूला गप्प बसलीत. ते बघून मी दोन दिवस कुठलंच पार्सल उघडलं नाही. (खोटं बोलतोय, एक उघडलं.)

सरळरेघ:
हसण्यासारखं काय आहे यात खरंच कळलं नाही. माणूस आतून संपलेला होता हे प्रत्येक चित्रात दिसतंय, डोळे बघा ना, आणि शेवट काय झाला ते वर लिहिलंच आहे. दुसऱ्याच्या वेदनेवर खुदकन हसायचं आणि वर लोकांना विचारायचं चुकलं का. त्या बाईंचं बरोबर होतं.

कुंचला७:
सरळरेघ, जरा दमानं. फाटकावर त्या दिवशी काय झालं, अपघात की आणखी काही, यावर लोक अजून वाद घालतात. आणि समजा काहीही असलं तरी शेवट माहीत झाल्यावर मागची दहा वर्षं त्या चष्म्यातून बघायची म्हणजे चित्र बघायचंच राहून जातं. प्रत्येक चित्र म्हणजे जणू सुसाइड नोट. असं नसतं हो, चित्र काढायला महिना महिना बसावं लागतं, रोज सकाळी उठून तीच नळी रंगवावी लागते.

इशिदानं स्वतःच लिहून ठेवलंय की सुरुवातीला ही सेल्फ पोर्ट्रेट्सच होती, आपला दुबळेपणा, केविलवाणेपणा, काळजी यांची थट्टा करून हसण्यावारी न्यायचा प्रयत्न होता, आणि मग विचार करता करता तो चेहरा ग्राहकांचा, शहरात राहणाऱ्यांचा, कामगारांचा होत गेला. २०२३ ला न्यूयॉर्कला गगोसियन गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन झालं त्याचं नाव यातूनच आलंय, 'माझा काळजीत पडलेला मी' अशा अर्थाचं. तेव्हा पावसाळी, तुम्ही हसलात ते त्या माणसाच्या मागणीबरहुकूमच हसलात. चुकलं असेल तर फक्त आवाजाचं :)

दुसरं म्हणजे तो शिकला डिझाइन, चित्रकला नव्हे, आणि ते दिसतं. ॲक्रिलिकमधे सगळं कसं कॅटलॉगमधल्यासारखं स्वच्छ काढलेलं, बोल्ट न् बोल्ट. वर्गाचं एक चित्र आहे १९९८ चं, पोरं बाकांवर बसलीत आणि त्यातल्या दोघांचे मायक्रोस्कोप झालेत, पण मास्तर पुस्तक हातात धरून वाचतोच आहे, आणि एक हात एका पोराच्या खांद्यावर. मी पोस्टरवर त्या हातापाशीच थांबतो दर वेळी. मायेचा म्हणावा तर तसा, मशीन जागेवर आहे का बघतोय म्हणावं तर तसाही. गडी चेहरा गंभीर ठेवून विनोद सांगतो म्हणून तो लागतो, ब्रश जरा जरी फिसकारला असता तर नुसतं कार्टून झालं असतं.

आणखी एक. हा शिझुओकातल्या याइझूचा, मच्छीमारांचं बंदर. १९५४ मधे पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावरच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख ज्या बोटीवर पडली ती दाइगो फुकुर्यू मारू तिथलीच, २३ खलाशी होते. त्यावर बेन शान या अमेरिकन चित्रकारानं चित्रमालिका केली, आणि इशिदा शानचा भक्त होता. ज्याच्या गावच्या माणसांच्या अंगावर कामावर असताना राख पडली त्यानं पुढे आयुष्यभर कामावरची माणसंच काढली, यात मला तरी 'स्वतःचीच रड' दिसत नाही.

तक्रार एकच, आणि ती प्रदर्शनांची. सत्तर चित्रं एकदम म्हणजे अति होतं. विसाव्या-पंचविसाव्या भिंतीला आपल्याला सवय लागते, बरं आता माणसाचं काय झालंय, इंजिन का, ठीक, पुढे. ही चित्रं एका वेळी पाच बघायची आहेत.

सरळरेघ:
ते लिहून ठेवल्याचं माहीत नव्हतं. थट्टा वगैरे मान्य. पण स्वतःची थट्टा त्यानं करणं आणि आपण करणं यात फरक आहे असं मला अजून वाटतं.

रात्रपाळी:
फरक आहे ना. पण त्या काउंटरवर बसलेला मी मग कोणात धरायचा, त्याच्यात का तुमच्यात?

बाकी कोणी तिकडे जाणार असेल तर शिझुओका प्रिफेक्चरल म्युझियममधे त्याची बरीच चित्रं आहेत, पण कायम लावलेली असतील असं समजून जाऊ नका, आधी विचारा.

पावसाळी:
सगळ्यांना थँक्यू. कुंचला७, पाचाचं पटलं, मला शेवटच्या खोलीतलं काहीच आठवत नाहीये आणि तेही बहुतेक पाय दुखत होते म्हणून.

तुमचं वाचून तो नळीवाला फोटो परत काढला, झूम केला. चित्र जरा तिरकं आलंय. उजव्या कडेला त्या बाईंचं कोपर आलंय आणि हातात फोन, त्याही त्याचाच फोटो काढत होत्या. स्क्रीन दिसतेय थोडी. नळ्या सोडून नुसता एकच चेहरा घेतलाय त्यांनी.