मेल टाकण्याआधी पासपोर्ट विचारा
चर्चच्या शिबिराचं वसतिगृह बांधायचं तर परदेशात गेलेल्या जुन्या शिबिरार्थींना मेल टाका, पैसे उभे राहतील असं सुचवलं जातं. कल्पना बरी आहे, पण मेख अशी की विदेशी अंशदान (विनियमन) कायदा, 2010 खाली शिबिर चालवणाऱ्या ट्रस्टची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी नागरिकाकडून एक डॉलरही घेता येत नाही. नोंदणी असली तरी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्ट टिकवलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलं तर ते विदेशी अंशदान धरत नाहीत. ओसीआय कार्डवाला, म्हणजे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस, मात्र परदेशीच.

पैसे इथल्या इथेही उभे राहतात. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, शिबिरातले मुलींच्या बाजूचे संडास हंगामाच्या सणातल्या (पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा चर्चचा सण) लिलावावर बांधले. भोपळे, अंडी, ज्वारीचं पोतं आणि एक कोंबडी, जी घेणाऱ्यांनी दोनदा परत दिल्यामुळे तीनदा विकली गेली! नुसतं 'शिबिराला मदत करा' म्हटलं की लोक विसाची नोट काढायचे. पाळकसाहेबांनी फळ्यावर एका दाराचे किती, एका नळाचे किती ते लिहिलं, तेव्हा महिला मंडळाने अख्खी पाण्याची टाकी उचलली. स्वयंपाकघराचा पत्रा अजून गळतोय, तो पुढच्या हंगामाला.