एकच जेवण, एकच ठिकाण: कॅन्सस सिटीत बार्बेक्यू नक्की कुठे खायचं?

ओव्हरलँडकर
लोकहो, वाद जुनाच आहे पण परत काढतोय कारण गरज पडलीये. चुलतभाऊ आणि वहिनी न्यू जर्सीहून येतायत, दोनच दिवस, त्यात बार्बेक्यूचं एकच जेवण बसतंय कारण बाकीची सगळी जेवणं बायकोने आधीच वाटून टाकलीयेत. तर एकच ठिकाण निवडायचं तर कुठलं? माझं मत आधीच सांगतो. जोज्. तेही सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरचं मूळचं, गॅस स्टेशनमधलं, उपनगरातल्या शाखा नकोत. तिकडे लोक गाडीत गॅस भरतायत आणि इकडे रांग दाराबाहेर आलीये, हे बघण्यातच अर्धी मजा. झी-मॅन सँडविच घ्यायचं, म्हणजे कैसर रोलमध्ये ब्रिस्केटचे (बीफच्या छातीकडच्या मांसाचे) काप, त्यावर स्मोक्ड प्रोव्होलोन चीज आणि वर कुरकुरीत ऑनियन रिंग्ज. हे लोक मुळात बार्बेक्यूच्या स्पर्धांमधून आलेले, १९९६ ला इथे दुकान टाकलं (तेव्हा नाव ओक्लाहोमा जोज् होतं, २०१४ ला बदललं), त्यामुळे दुपारी जा की संध्याकाळी, ब्रिस्केटचा दर्जा हलत नाही. ब्रायंट्सवाले, म्हणजे आर्थर ब्रायंट्स या जुन्या हॉटेलचे भक्त, आता इतिहास घेऊन येतील. येऊ देत. इतिहास काही ताटात वाढून घेता येत नाही.

धूरवाला
झाली सुरू जोज्ची आरती. अहो, ब्रायंट्सच्या ताटात जे येतं तो इतिहासच आहे, आणि चांगला चविष्ट आहे. हेन्री पेरी नावाच्या माणसाने १९०८ मध्ये या गावात धुरावर शिजवलेलं मांस विकायला सुरुवात केली, २५ सेंटला, वर्तमानपत्रात गुंडाळून. १९४० मध्ये पेरी गेला, धंदा त्याच्याकडे काम करणाऱ्या चार्ली ब्रायंटने चालवला आणि १९४६ मध्ये त्याचा भाऊ आर्थरने हातात घेतला. पेरीचा सॉस म्हणे नुसता जाळ होता, आर्थरने तो माणसांना खाता येईल असा केला. आज लोक ज्या बर्न्ट एंड्ससाठी जीव टाकतात ना, ते ब्रिस्केटचे करपट काळे तुकडे आर्थरच्या काउंटरवर फुकट पडलेले असायचे, रांगेत उभं राहिलेल्यांनी तोंडात टाकायला. आता प्रत्येक हॉटेल त्याचे पैसे घेतं, तुमचं जोज् पण.

आणि सॉस! ब्रायंट्सचा ओरिजिनल सॉस नारिंगी, जिभेला चक्क रवाळ लागतो, व्हिनेगर आणि पॅप्रिकाचा ठसका, गोडवा जवळपास नाहीच. पहिला घास घेतला की लोक तोंड वाकडं करतात आणि तिसऱ्या घासाला बाटली स्वतःकडे ओढतात. साध्या पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइस, मधे मांसाचा असा ढीग की वरची स्लाइस नुसती नावाला. पाहुण्याला हे दाखवायचं सोडून प्रोव्होलोन आणि ऑनियन रिंग काय दाखवताय, ते बर्गरच्या दुकानातही मिळतं.

ओव्हरलँडकर
धूरवाले, आर्थर ब्रायंट १९८२ मध्ये गेला. त्यानंतर मालक बदलले, माणसं बदलली. भिंतीवरचे फोटो तेच आहेत हे मान्य. ट्रुमन, कार्टर, रेगन सगळे तिथे जेवून गेले हेही मान्य. पण राष्ट्राध्यक्ष जेवला म्हणून ब्रिस्केट मऊ होत नाही हो.

जाळ_जरा_जास्त
तुम्हा दोघांच्या भांडणात गेट्सचं नाव कुणीच घेत नाही हे बघून वाईट वाटलं. १९४६ पासून एकाच कुटुंबाकडे आहे, मालक बदलले वगैरे भानगडच नाही. आणि पेरीचा वारसा फक्त ब्रायंट्सकडे आला ही गोड गैरसमजूत आहे, पेरीच्या हाताखाली तयार झालेला आर्थर पिंकार्ड नावाचा पिटमास्टर (धुराची भट्टी सांभाळणारा) गेट्सकडे होता, धंदा उभा राहिला तो त्याच्या हातावर. म्हणजे पेरीची चूल दोन घरांत गेली, एकाच नाही.

गेट्सचा सॉस टोमॅटोचा, पण त्यात जिऱ्याचा वास येतो! परक्या देशात सॉसमध्ये जिरं सापडलं की आपल्या माणसाला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. एक्स्ट्रा हॉट घ्या, घरी पण बाटली न्या.

मीठमिरी
मी ऑस्टिनमध्ये बरीच वर्षं काढून इकडे आले आहे त्यामुळे मार खायची तयारी ठेवून लिहिते. तुम्ही सगळे सॉसवर भांडताय, मांसाबद्दल कोण बोलणार? मांस नीट झालं असेल तर त्याला सॉस लागत नाही. टेक्सासात मीठ, मिरी आणि ओकचा धूर, संपलं. इथे आल्यावर एका नावाजलेल्या ठिकाणी (नाव नाही घेत, उगाच रण नको) ब्रिस्केटचा फ्लॅट भाग इतका कोरडा आला की सॉसची अर्धी बाटली ओतल्याशिवाय घशाखाली उतरेना. वर बाजूच्या टेबलावरचे म्हणतात सॉस लाव ना, सॉसच तर खायचा असतो! हा दोष झाकायचा प्रकार झाला.

ब्रिस्केट म्हणजे दोन स्नायू, खालचा फ्लॅट आणि वरचा चरबीदार पॉइंट. मंद धगीवर ठेवलं की आत साधारण ७० डिग्री सेल्सिअसच्या आसपास तापमान चढायचं थांबतं, तासन् तास हलत नाही, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडतंय आणि मांस गार करतंय, घाम आल्यावर आपल्याला वाटतं तसं. इथे घाई केली की गेलं. धीर धरला की हळूहळू ९५ पर्यंत जातं, तोवर कोलॅजन (मांसातले चिवट तंतू) विरघळून मऊ जिलेटिन होतं आणि कठीण मांस बोटाने तुटायला लागतं. ही खरी कला. बाटली कुणीही उघडतं.

धूरवाला
मीठमिरी ताई, शास्त्र शंभर टक्के बरोबर, पण निष्कर्षाला असहमत. टेक्सासातलं मांस सॉसशिवाय खातात कारण ते तसं खायलाच बनवलेलं असतं. इथे सॉस हा पदार्थाचा भाग आहे, वरून टाकलेली चटणी नाही. मिसळीतून तर्री काढून टाकायची आणि मग म्हणायचं उसळ चांगली असेल तर तर्री लागते कशाला, असं झालं हे.

मीठमिरी
तर्रीने उसळीचा कच्चेपणा झाकत नाहीत. कोरडं ते कोरडंच.

तिसरी_बाकी
एक मुद्दा कुणी मांडला नाही. बाहेरच्या लोकांना कॅन्सस सिटी म्हटलं की जो घट्ट, गोड, मोलॅसिसचा (काकवीसारख्या पाकाचा) सॉस आठवतो तो ब्रायंट्सचाही नाही आणि गेट्सचाही नाही. तो मुख्यतः केसी मास्टरपीसने पसरवला, जो सत्तरच्या दशकात रिच डेव्हिस नावाच्या बालमानसोपचारतज्ज्ञाने काढला (हो, बालमानसोपचारतज्ज्ञ, इथे कोण कशातून बार्बेक्यूत येईल सांगता येत नाही). सुपरमार्केटच्या बाटलीवरून अख्ख्या गावाची चव ठरवली गेली. त्यामुळे पाहुण्यांना ब्रायंट्स किंवा गेट्सला न्यायचं खरं कारण इतिहास नाहीच, त्यांच्या डोक्यात बसलेला तो गोड चिकट सॉस काढायचा हे आहे.

पोटोबा_आधी
मला काही कळत नाही हे सगळं, मी फक्त रिब्ज खातो. आणि रिब्जना जॅक स्टॅक. हाडाला नुसतं धरलं की मांस गळून ताटात. अजून काय पाहिजे?

मीठमिरी
@पोटोबा, हाडावरून आपोआप गळलं म्हणजे ते जास्त शिजलंय. इथल्याच कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या परीक्षकांना विचारा. चावा घेतला तिथलंच मांस स्वच्छ सुटलं पाहिजे, बाकीचं हाडालाच राहिलं पाहिजे.

पोटोबा_आधी
माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणेल मटण कच्चं राहिलंय, परत गॅसवर ठेव. मला नकोत परीक्षक. मला मऊच आवडतं.

ओव्हरलँडकर
मीठमिरींशी इथे सहमत. आणि हाच मुद्दा जोज्च्या बाजूने जातो, स्पर्धेतला माणूस चावा कसा तुटतो ते बघत बघतच शिकलेला असतो.

तिसरी_बाकी
स्पर्धेचं एवढं कौतुक नको. स्पर्धेत परीक्षक एखाद-दुसरा घास खातो, त्यामुळे तो एकच घास गोड, खारट, तिखट सगळं ठासून केलेला असतो. तसलं ताटभर खाल्लं तर चौथ्या घासाला तोंड मिटतं. जोज् चांगलंच आहे पण ते चांगलं आहे कारण त्यांनी हॉटेल चालवताना ते सगळं आटोक्यात आणलं, स्पर्धा जिंकल्या म्हणून नाही. आणि ती कापाच्या कडेची गुलाबी रेघ बघून वा वा करणाऱ्यांसाठी: ती धुरातल्या वायूची मांसातल्या मायोग्लोबिनवर (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनावर) झालेली प्रक्रिया आहे, चवीशी तिचा काही संबंध नाही. सोसायटीच्या परीक्षकांना तर तिच्यावर गुण द्यायलाच मनाई आहे. फोटोत छान दिसते एवढंच.

सुगरणबाई
मला एक व्यवहारी प्रश्न आहे. ओव्हरलँडकर, वहिनी बीफ खातात का? हे विचारल्याशिवायच इथे सगळे ब्रिस्केट ब्रिस्केट करतायत. माझ्याकडे मागच्या वर्षी सासूबाई आल्या होत्या, त्या फक्त चिकन खातात, त्यात मंगळवारी तेही नाही. तेव्हा या चर्चेतलं एकही वाक्य माझ्या उपयोगाचं नव्हतं.

ओव्हरलँडकर
@सुगरणबाई अरे हो, चांगलं विचारलंत. आत्ता भावाला मेसेज केला. भाऊ सगळं खातो, वहिनी बीफ आणि पोर्क दोन्ही नाही, चिकन चालतं.

सुगरणबाई
मग तुमचा अर्धा धागा बाद. आता ऐका. एक, बेक्ड बीन्स बघून ही शाकाहारी भाजी आहे असं समजू नका, जॅक स्टॅकच्या बीन्समध्ये ब्रिस्केटचे तुकडे असतात, बाकीच्या ठिकाणीही मांस असतंच असं धरून चाला आणि विचारा. दोन, तळलेलं काहीही असेल तर ते कशात तळलंय ते विचारा. तीन, जोज्ला पोर्टोबेलो मशरूमचं झी-मॅन मिळतं, तेच चीज, त्याच रिंग्ज, त्यामुळे वहिनींना कोपऱ्यात कोलस्लॉ खात बसायला लागणार नाही. पण माझं मत विचाराल तर जॅक स्टॅक. टेबलावर बसून निवांत ऑर्डर देता येते, चिकन हिकरीच्या लाकडाच्या धुरावर मस्त होतं, चीझी कॉर्न बेक अप्रतिम. आणि भावाला तिथले लँब रिब्ज द्या, ते बोकडाची आठवण काढत बसणाऱ्या माणसाला फार बरे वाटतात. पाहुणे दोन दिवसांसाठी आलेत, त्यांना गप्पा मारायच्या असतात. रांगेत पाऊण तास उभं करून वर मान खाली घालून पटापट खा मागे लोक थांबलेत, हा काय पाहुणचार झाला?

धूरवाला
जॅक स्टॅकमध्ये जेवण चांगलंच असतं, वाद नाही. पण तिथे कापडी नॅपकिन आहे हो! बार्बेक्यू हे मुळात कसायाकडे उरलेल्या स्वस्त, चिवट मांसाचं खाणं. १८७१ पासून या गावात जनावरांचे बाजार होते, ब्रिस्केट कुणी विचारत नव्हतं, ते गरीब वस्तीत गेलं आणि तिथल्या काळ्या माणसांनी त्याचं सोनं केलं. ते खाताना हात बरबटले पाहिजेत, बाकडं जरा चिकट पाहिजे.

सुगरणबाई
चिकट बाकडं तुमचं तुम्हाला लखलाभ.

जाळ_जरा_जास्त
धूरवाले, गरीब वस्तीचं एवढं प्रेम असेल तर एलसीजला जा ना. ब्लू पार्कवेवर छोटंसं दुकान, काउंटरच्या मागेच भट्टी, झाकण उघडलं की अख्ख्या खोलीत धूर. तिथले बर्न्ट एंड्स ब्रायंट्सपेक्षा सरस आहेत असं मी म्हणणार आणि मग इथून पळून जाणार.

धूरवाला
पळू नका, मान्य आहे. बर्न्ट एंड्ससाठी एलसीज. सँडविचसाठी ब्रायंट्स. जोज्साठी... गॅस भरायला.

ओव्हरलँडकर
ह्या! निदान जोज्ला गेलं की एका फेरीत दोन कामं होतात. आता पंचाईत अशी की वहिनींच्या हिशोबाने जोज् किंवा जॅक स्टॅक, भावाच्या हिशोबाने काहीही, आणि बायको आत्ता मागून वाचून म्हणते गेट्सला जा, चिकन तिथेही आहे, जवळ पण पडेल आणि रांग भराभर सरकते.

जाळ_जरा_जास्त
तुमच्या सौभाग्यवतींना माझा नमस्कार सांगा. फक्त पाहुण्यांना आधी तयार करा. गेट्सचं दार उघडताक्षणी काउंटरवरून जोरात "हाय, मे आय हेल्प यू?" येतं, आपण अजून वर लावलेला मेन्यू शोधतच असतो, नवा माणूस दचकतो आणि तोंडाला येईल ते मागून बसतो. माझ्या मित्राने असंच घाबरून हॅम मागितलं होतं, त्याला हॅम आवडत नाही. गाडीतच ठरवा कुणाला काय, चिकनला सॉस बाजूला द्या म्हणून सांगा, आणि पैसे देणारा माणूस रांगेत पुढे ठेवा.