ऑटो ग्रॅहम: सात अजिंक्यपदं की तीन?

मूळ पोस्ट: अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) ऑटो ग्रॅहम, त्याच्या नावावर सात अजिंक्यपदं लिहिणं आता पुरे. १९४६ ते १९४९ ची चार एएएफसीमधली, म्हणजे एनएफएल या मुख्य लीगच्या प्रतिस्पर्धी लीगमधली. तिथे त्याच्या क्लीव्हलंड ब्राउन्ससमोर टिकेल असा संघच नव्हता. १९४८ ची फायनल ४९-७! एनएफएलची तीन धरा, बाकी सोडा.

प्रतिसाद १: हे वाचून गप्प बसवेना. कच्च्या लीगमधला संघ ना? मग एनएफएलमधला पहिलाच सामना बघा, सप्टेंबर १९५०. समोर फिलाडेल्फिया ईगल्स, लागोपाठ दोन वर्षांचे विजेते, तेही त्यांच्याच शहरात. ३५-१०. ग्रॅहमचे पासचे ३४६ यार्ड. ब्राउन्सचा रिसीव्हर (पास झेलणारा) सरळ सुसाट धावायचा आणि एकदम थांबून साइडलाइनकडे वळायचा. तो वळण्याआधीच चेंडू ग्रॅहमच्या हातातून सुटलेला असायचा. बचाववाला सावरेपर्यंत झेल झालेला!

प्रतिसाद २: हात त्याचा, डोकं कुणाचं? प्रशिक्षक पॉल ब्राउनचं. दर चालीला एक गार्ड (समोरच्यांना अडवणारा खेळाडू) बाहेर, दुसरा ब्राउनचा निरोप घेऊन आत. शिवाय ग्रॅहमला वाचवायला मागे मॅरियन मोटलीसारखा पहाड. इतकं सगळं हातात दिल्यावर कौतुक कसलं?

प्रतिसाद १: निरोपात चालीचं नाव येतं, पास येत नाही. १९५५ च्या हंगामानंतर ग्रॅहम निवृत्त. १९५६ ला पॉल ब्राउन तोच. त्याने तर चाली सांगायला क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवला, लीगने तो बंद पाडला. हंगाम ५-७, संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच विजयांपेक्षा पराभव जास्त.

प्रतिसाद २: १९५७ का गाळता? नऊ विजय, दोन पराभव, एक बरोबरी, थेट फायनल. ग्रॅहमशिवाय!

प्रतिसाद १: चेंडू घेऊन पळणारा जिम ब्राउन आला होता, ते तुम्ही का गाळता? आणि ती फायनल डेट्रॉइटकडून १४-५९ हरले. याच डेट्रॉइटला १९५४ च्या फायनलमध्ये ५६-१० ने धुतलं होतं. ग्रॅहमचे पासवर तीन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं), स्वतः पळून आणखी तीन. पळणंही गार्डच सांगून गेला का?

मूळ पोस्ट: भांडण भलतीकडेच गेलं. ठीक, १९५० मान्य. त्या चारांना अर्धे गुण देतो, त्याहून जास्त नाही. पण त्याच वर्षीच्या रॅम्सविरुद्धच्या फायनलमध्ये शेवटच्या काही मिनिटांत चेंडू ग्रॅहमच्याच हातून निसटला, हे कुणी बोलत नाही.

प्रतिसाद १: मी बोलतो. निसटला. एका गुणाने मागे, दोन मिनिटंही उरली नव्हती, तेव्हा चेंडू परत मिळाला. पहिल्याच चालीत तो स्वतः पळाला, १४ यार्ड. मग पासमागून पास करत संघाला गोलपोस्टजवळ आणलं. २८ सेकंद उरलेले असताना किकर लू ग्रोझाने १६ यार्डांवरून लाथेने फील्ड गोल मारला. ३०-२८. याला अर्धे गुण?