घड्याळातला व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) कितपत खरा धरायचा?

पळता_पुणेकर:
मंडळी वय ४१, दीड वर्ष झालं पळतोय. जानेवारीत मुंबईला हाफ मॅरेथॉन केली तेव्हा घड्याळ ४६ दाखवत होतं, आता मे मध्ये ४१ वर आलंय. पळणं चुकवलेलं नाही, उलट किलोमीटर वाढवलेत आणि दर रविवारी सिंहगडपण असतो. फिटनेस खरंच घसरलाय का घड्याळ येडं झालंय?

घाटावरचा_गडी:
अरे घड्याळ ऑक्सिजन मोजतच नाही, ते बघतं अमुक वेगाला तुझे ठोके किती, आणि त्यावरून अंदाज ठोकतं. खरा आकडा पाहिजे तर लॅबमध्ये तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर दम निघेपर्यंत पळायचं. मे मध्ये अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे जातं, मग त्याच वेगाला ठोके वाढतात आणि घड्याळाला वाटतं गडी ढिला पडला. आणि सिंहगड घड्याळात साधा रन म्हणून लावतोस का? चढाला वेग कमी, ठोके जास्त, तिथेही घड्याळ फसतं.

पळता_पुणेकर:
हो साधाच 😅 अजून एक, परवा मित्राशी गप्पा मारत निवांत पळत होतो तर ठोके १७२!!

सकाळचे_पाच:
दादा ते ठोके नाहीत, तुमची पावलं आहेत. मिनिटाला १७० च्या आसपास पावलं पडतात आणि पट्टा सैल असला की मनगटाखालचा हिरवा दिवा त्या हादऱ्यालाच नाडी समजतो. माझंपण असंच व्हायचं, मग पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधायला लागले, आणि स्पीडवर्कला (वेगाच्या सरावाला) ठोके मोजणारा छातीचाच पट्टा. घड्याळात मॅक्स हार्ट रेट, म्हणजे तुमचे जास्तीत जास्त ठोके, किती धरलाय तेपण बघा, २२० वजा वय हा ढोबळ हिशोब आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे. तुमचा खरा मॅक्स जास्त असेल तर घड्याळ आकडा कमीच दाखवणार.

घाटावरचा_गडी:
+१. फुकटात ताडून बघायचं तर कूपर टेस्ट कर, १९६८ ची आहे. ट्रॅकवर १२ मिनिटं जीव तोडून पळ, जेवढे मीटर होतील त्यातून ५०४.९ वजा कर, ४४.७३ ने भाग. हाही अंदाजच, पण ठोक्यांची भानगड नाही.

पळता_पुणेकर:
केली आज पहाटे, २४८० मीटर, म्हणजे ४४. शेवटच्या राउंडला डोळ्यापुढे काजवे. घरी येऊन घड्याळ बघितलं तर म्हणे ४०, अनप्रॉडक्टिव्ह, म्हणजे सराव वाया 🙏