रोजच्या फोटोंना जुनी लेन्स पुरते, फिल्म कॅमेरा कशाला?

कवडसा
जुन्या काचेची, म्हणजे जुन्या लेन्सची, आवड असलेल्याला हल्ली सरसकट सांगतात, "आधी फिल्म कॅमेरा घे." हा सल्ला मला चुकीचा वाटतो. रोज वापरायचं असेल तर जुनी लेन्स मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, लावावी. हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स घ्या: ५८ मिमी, एफ २ पर्यंत उघडणारी (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), एम४२ म्हणजे ४२ मिमीच्या आट्यांची. मेनूत लेन्सशिवाय शटर चालू द्यायचा पर्याय सुरू करा. स्टॅबिलायझेशनमध्ये ५८ हाच आकडा भरा, क्रॉपने (लहान सेन्सर चित्र किती कापतो त्या आकड्याने) गुणू नका. गुणलात तर कॅमेरा हात हलल्याची भरपाई गरजेपेक्षा जास्त करतो आणि चित्र फिस्कटतं.
या लेन्सला अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाशाचं भोक लहानमोठं करायची, दोन कडी आहेत. एका कड्यावर एफ ४ ठरवून ठेवा. दुसरं पूर्ण उघडं ठेवून, समोरच्या माणसाचा डोळा स्क्रीनवर मोठा करून फोकस लावा. मग कॅमेरा न हलवता ते दुसरं कडं अडेल तिथपर्यंत फिरवा, बरोबर एफ ४ वर थांबतं. दोन दिवसांत बोटांना सवय होते.
निकॉनच्या डीएसएलआरवर (आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर) मात्र हिच्या वाटेला जाऊ नका. एम४२ ला माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी लागतात, निकॉनच्या एफ माउंटचं अंतरच ४६.५ आहे. लेन्स मिलिमीटरभर पुढे राहते आणि लांबचा डोंगर कधीच फोकस होत नाही. सोनी मिररलेसच्या ई माउंटचं अंतर १८ मिमी, तिथे अ‍ॅडॅप्टरला भरपूर जागा मिळते.

रीळवाला
कडी फिरवायची पद्धत अगदी बरोबर सांगितलीत. निष्कर्ष पटला नाही. हेलिओस लोक घेतात ती मागच्या पानांच्या भोवऱ्यासाठी, म्हणजे धूसर पानं गोल फिरल्यासारखी दिसतात त्यासाठी. तो भोवरा असतो फ्रेमच्या कडांना, कारण तिथे प्रकाशाचा गोल दोन्ही बाजूंनी कापला जाऊन मांजराच्या डोळ्यासारखा होतो. तुमचा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, असेल तर त्या कडाच सेन्सरबाहेर गेल्या. उरली मधली, ८७ मिमीसारखी दिसणारी साधी लेन्स. ही काच २४ × ३६ मिमीच्या फ्रेमसाठी बनली आहे, आणि ती फ्रेम सर्वांत स्वस्तात फिल्म कॅमेऱ्यातच मिळते. पेन्टॅक्स स्पॉटमॅटिक घ्या, आटे तेच. पेन्टॅक्सचीच के१००० घेतलीत तर एम४२ चं साधं कडं घाला, दोन्हींचं माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर एकच आहे.

कवडसा
मग हिशेब करा. स्पॉटमॅटिकचं शटर १/१००० पर्यंत जातं. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० ची फिल्म, मे महिन्याचं ऊन. सनी सिक्स्टीनने (भर उन्हात एफ १६ ला शटर साधारण आयएसओच्या आकड्याइतकं, हा ठोकताळा) एफ १६ ला १/५०० म्हणजे १/१००० ला एफ ११. भोवरा तर एफ २ लाच दिसतो. अजून पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कुठून आणणार? मिररलेसवर आयएसओ १०० आणि इलेक्ट्रॉनिक शटर १/६४००, काम झालं. सावलीत शिरलात तर त्याच रोलवर आयएसओ बदलता येत नाही, हेही आलंच.

रीळवाला
चारशेची फिल्म भर उन्हात कोण घालतं? कोडॅक गोल्ड २०० घाला आणि प्रकाश मोजणारं मीटर १०० वर ठेवा. निगेटिव्हला एक स्टॉप जास्त प्रकाश सोसतो, सावल्याही भरतात. आता उघड्या सावलीत, पिंपळाखाली किंवा ओसरीवर, एफ ४ ला १/१२५ येतं. म्हणजेच एफ २ ला १/५००. माणूस सव्वा मीटरवर, पानं तीन-चार मीटर मागे. भोवऱ्याची जागाच ती, भर दुपारचं मैदान नव्हे.
फिल्म कॅमेरा घेताना दोन गोष्टी मात्र नक्की तपासा. मागचं दार उघडून, लेन्स काढून, पांढऱ्या भिंतीकडे बघत १/१००० चं शटर मारा. चौकटीची एक बाजू काळी दिसली तर शटरचा दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय, म्हणजे सर्व्हिस लागणार. दुसरं, दाराच्या खाचेतला फोम. तो चिकट काळा झाला असेल तर प्रकाश गळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून नवा लावा.
मीटरचीही धास्ती नको. स्पॉटमॅटिकचा मूळ सेल पाऱ्याचा, १.३५ व्होल्टचा, आता मिळत नाही. पण तिचं मीटर ब्रिज सर्किटचं असल्याने सिल्व्हर ऑक्साइड सेलवर फारसं चुकत नाही. इतर पुष्कळ कॅमेऱ्यांत तोच सेल व्होल्ट जास्त असल्याने फोटो काळवंडवतो. के१००० ला मीटर बंद करायचं बटण नाही, झाकण लावून ठेवा नाहीतर सेल उतरतो.

खारा वारा
दोघंही कोकणातला जुलै विसरलात. इथे लेन्स आणि फिल्म कॅमेरा, दोन्हींचा शत्रू बुरशी. मी कवडसा यांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं: लेन्स एकटी सांभाळणं सोपं. कॅमेऱ्यात कापडी पडदा, प्रिझम, फोम, व्ह्यूफाइंडर, सगळीकडे दमट हवा शिरते आणि घरी उघडून पुसता येत नाही.
जुनी लेन्स घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरकं बघा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, ती चालेल. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर घेऊ नका. बुरशी पुसली तरी तिने खाल्लेलं कोटिंग परत येत नाही आणि उन्हाकडे तोंड केलं की चित्र धुवट येतं.
चामड्याच्या जुन्या पेटीत लेन्स ठेवणं सर्वांत वाईट, चामडं ओल धरून बसतं. रबरी कडेचा घट्ट डबा, आत सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५० टक्क्यांवर हवा. जेलचे नारिंगी दाणे हिरवे झाले की भाजून कोरडे करा.

रीळवाला
त्याच डब्यात स्पॉटमॅटिकही मावते. न वापरलेले रोल फ्रीजमध्ये, मूळ डबीतच, आणि बाहेर काढल्यावर दोन तास डबी उघडू नका; नाहीतर फिल्मवरच दव धरतं.